विदरबीसाहेबांची हरवलेली तीन वर्षं

माझ्या नवऱ्याने आयुष्यातली दहा वर्षं एका मेलेल्या इंग्रजावर घालवली. जिवंत इंग्रजावर घालवली असती तर निदान प्रमोशन तरी मिळालं असतं. पण ते असो. मी सुरुवातीपासून सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे. इतकी वर्षं तो खालीच होता.

आमचे मुरलीधरपंत दुबईतल्या एका बांधकाम कन्सल्टन्सीत सीनियर ड्राफ्ट्समन. एरवी मी त्यांना 'अहो' म्हणते, राग आला की 'पंत'. राहायला आम्ही शारजात, कारण दुबईच्या भाड्यात शारजात एक बेडरूम जास्त मिळते. त्या जास्तीच्या बेडरूमपायी हे रोज येऊन-जाऊन तीन तास ट्रॅफिकमध्ये बसत. १९८८ साली "दोन वर्षं, उर्मिला, फक्त दोन वर्षं" असं म्हणून त्यांनी मला आणि दोन वर्षांच्या रिद्धीला पुण्याहून आणलं. पुण्यात मी सरकारी दफ्तरखान्यात मोडी वाचायचे. तिथे जुने कागद कापडात बांधून ठेवलेले असतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. एकेक रुमाल सोडायचा, दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनाचं गचाळ अक्षर लावायचं, आणि कोण कुणाला काय म्हणालं ते स्वच्छ लिहून काढायचं. मला त्यात जेवणाची शुद्ध राहायची नाही. ती नोकरी सोडून मी आले. रामायणातल्या उर्मिलेला नवऱ्याने चौदा वर्षं मागे ठेवलं म्हणून लोक हळहळतात. मला तर तिचा हेवाच वाटतो. बाईला निदान स्वतःच्या घरी राहायला मिळालं.

दोनाची चार वर्षं झाली. १९९२ च्या मे महिन्यात ह्यांचा एक गोरा साहेब नोकरी संपवून इंग्लंडला निघाला आणि त्याने जुमेराच्या बंगल्याच्या अंगणात घरातलं सामान विकायला मांडलं. ऑफिसातली सगळी मंडळी गेली. कुणी मायक्रोवेव्ह आणला, कुणी बाबागाडी. आमच्या पंतांनी वीस दिरहमला, म्हणजे तेव्हाच्या दीडशे रुपयांना, पाटाएवढं एक जाडजूड पुस्तक आणलं. आत इजिप्तमधल्या एका देवळाचे नकाशे. प्रत्येक खांब, प्रत्येक पायरी, प्रत्येक भेग मोजून हाताने काढलेली. पहिल्या पानावर नाव होतं: अ‍ॅम्ब्रोज विदरबी, चर्च आर्किटेक्ट.

"उर्मिला, ही रेघ बघ," हे म्हणाले. "ही रेघ कॉम्प्युटर काढू शकत नाही."

"मायक्रोवेव्हसुद्धा काढू शकत नाही, पण त्यात दूध तरी तापलं असतं," मी म्हणाले. गाढवापुढे वाचली गीता.

आता हा विदरबी कोण, ते सांगणं आलं. जन्म १८३२, बाप गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. विसाव्या वर्षी लंडनला एका आर्किटेक्टच्या हाताखाली लागला, तिसाव्या वर्षी स्वतःची कचेरी. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात इंग्रजांना चर्चं बांधायचं वेडच लागलेलं, त्यामुळे कामाला तोटा नाही. चौतीस चर्चं त्याने नवी बांधली, सगळी सहाशे वर्षं जुनी दिसतील अशी. आणि साठ खरोखरची जुनी चर्चं 'दुरुस्त' केली. दुरुस्ती म्हणजे काय, तर भिंतीवरचा जुना गिलावा खरवडायचा, गावकऱ्यांच्या खापरपणज्यांनी बसून बसून गुळगुळीत केलेले बाक चुलीत घालायचे, आणि जुन्याला लाजवेल असं नवं जुनं उभं करायचं. लोक खूश. मग १८७३ साली एका मंगळवारी त्याने बांधलेला एक मनोरा पडला. माणूस कुणी दगावलं नाही, पाद्र्याची शेळी तेवढी गेली. पण वर्तमानपत्रांनी त्या शेळीवरून साहेबाची पार सालटी काढली. डॉक्टरने ताबडतोब निदान केलं, की साहेबांच्या छातीला कोरडी हवा हवी. साहेब बायकोला घेऊन इजिप्तला गेले.

तिथे त्याने नाईल नदीत एक होडी भाड्याने घेतली, होडीवरच संसार थाटला, आणि लक्झरच्या वरच्या अंगाला अर्धं वाळूत गाडलेलं एक देऊळ मोजायला घेतलं. इजिप्तच्या विद्येचा गंध नव्हता, पण मोजायची दोरी सरळ धरता येत होती, आणि तेव्हाच्या निम्म्या विद्वानांना तेवढंही जमत नव्हतं. सव्वीस वर्षं तो माणूस मोजत राहिला. आणि गंमत ऐका. तिथून लंडनच्या वर्तमानपत्रांना पत्रांवर पत्रं, की जुन्या देवळांना हात लावू नका, दुरुस्ती म्हणजे खून, जे पडलंय ते पडलेलंच राहू द्या! साठ चर्चं खरवडून आलेला हा गृहस्थ. करून करून भागले आणि देवपूजेला लागले, तेही दुसऱ्यांच्या देवांच्या. पुढे त्याच्या नकाशांवरून एका जर्मन प्रोफेसरने मोठा ग्रंथ लिहिला, नाव मिळवलं, आणि विदरबीचे आभार एका तळटिपेत मानले. १८९९ साली विदरबी लक्झरला वारला, तिथेच त्याला पुरलं.

ही तळटीप ह्यांना सापडली त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला तेव्हा कळलं हे काय प्रकरण आहे ते. ह्यांना शिकताना वाचनालयं बांधायची होती, नाट्यगृहं बांधायची होती. इथे येऊन काढले काय, तर पार्किंगचे रॅम्प आणि संडासांच्या टाइल्स. त्या नकाशांच्या कोपऱ्यात एक चौकट असते. डिझाइन अमुक साहेबाचं, मंजुरी तमुक साहेबाची, आणि सगळ्यात खाली 'ड्रॉन बाय', तिथे ह्यांची तीन इनिशियल्स. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणून हे "मी ह्या माणसाचं चरित्र लिहिणार" म्हणाले तेव्हा मी हो म्हणाले. पण अट घातली. पुस्तक संपलं की राजीनामा, आणि पुणे.

"पुस्तक झालं की खलास," हे म्हणाले, आणि रिद्धीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली.

"व्हाय आर यू टचिंग माय हेअर, बाबा?" रिद्धीने विचारलं. सहा वर्षांची होती.

मनोरा पडला होता त्या गावच्या चर्चला ह्यांनी पत्र लिहिलं. तिथे रेव्हरंड पिल्बीम नावाचे म्हातारे पाद्री होते. त्यांच्याकडे आजवर जो आला तो शेळीची चौकशी करायला. विदरबीची चौकशी करणारा माणूस, तोही शारजातून, हे पाहून ते हरखूनच गेले. विदरबीच्या भाचीने चर्चला दिलेल्या कागदांची एक पेटी त्यांच्याकडे पडून होती. त्यातली थोडी थोडी पत्रं झेरॉक्स करून ते दर दोन-तीन महिन्यांनी ह्यांच्या ऑफिसच्या पोस्टबॉक्सवर पाठवू लागले.

पण विदरबीचं अक्षर! कागद वाचवायला आधी आडवं लिहायचा आणि मग पान फिरवून त्याच ओळींवरून उभं. ह्यांनी पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि शेवटी माझ्यापुढे सरकवलं. मी दहा मिनिटांत वाचून दाखवलं. मोडीची सवय, दुसरं काय. त्या दिवशी आमची वाटणी ठरली.

"रेषा माझ्या, अक्षरं तुझी," हे म्हणाले.

नकाशे हे बघायचे, भिंग लावून, तासन् तास. पत्रं मी लावायची, कॉम्प्युटरवर टाइप करायची, नंबर घालायचे, आणि हे ती टाइप केलेली पानं वाचायचे. मूळ पत्राकडे ह्यांनी पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. लष्करच्या भाकऱ्या खऱ्या, पण भाजताना मला मजा येत होती हेही कबूल करते. दुपारी सगळं आवरलं की एसी लावून मी त्या पानांवर बसायचे आणि संध्याकाळचे सहा कधी वाजले ते कळायचं नाही.

पत्रं वाचता वाचता मला एक बाई भेटायला लागली. विदरबीची बायको, हॅरिएट. साहेब तिचा उल्लेख नुसता 'एच.' असा करायचे. 'एच.ने दोरी धरली.' 'एच.ने टिपणं उतरवली.' 'एच.ला ताप. उत्तरेची भिंत पूर्ण.' तीनशे वीस पत्रांत एच. एवढीच. तिच्या हातचं एकही पत्र नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, "ह्या बाईबद्दल काही लिहा की." हे म्हणाले, "अगं, पण मटीरियल कुठंय?"

१९९६ सालापर्यंत सगळी प्रकरणं लिहून झाली. एक सोडून. १८८४ ते १८८७ ह्या तीन वर्षांतलं विदरबीचं काहीच मिळेना. पत्र नाही, नकाशा नाही, किराणाची चिठ्ठीसुद्धा नाही. पिल्बीमांची पेटी जवळजवळ रिकामी झाली होती. ह्यांनी लंडनला लिहिलं, बर्लिनला लिहिलं, कैरोला लिहिलं. ऑफिसात इद्रीस नावाचा इंजिनियर होता, लक्झरकडचा. त्याला तर ह्यांनी सळो की पळो करून सोडलं. तो एकदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा वैतागून मला म्हणाला, "मॅडम, माझा पणजोबा ह्यांच्या साहेबाला कांदे विकत असेल. कांद्याची पावती घरात कोण ठेवतो?"

"त्या तीन वर्षांत विदरबीने नक्की काहीतरी मोठं शोधलं असणार," हे म्हणायचे. "ते मिळाल्याशिवाय चरित्र संपवता येत नाही, उर्मिला. मिळेल, इन्शाल्ला."

तिथे राहिलेल्या कुणालाही विचारा, 'इन्शाल्ला' ऐकलं की माणूस खुर्ची ओढून बसतो.

१९९८ च्या फेब्रुवारीत मला पुण्याहून पत्र आलं. दफ्तरखान्यातले माझे जुने साहेब, प्रल्हादराव. लिहिलं होतं, मोडी वाचणारी माणसं उरली नाहीत, हजारो रुमाल बांधलेलेच पडलेत, कंत्राटावरची एक जागा निघते आहे, येतेस का? मी ते पत्र ह्यांच्यापुढे ठेवलं.

"वा! छानच झालं की," हे म्हणाले. "पुस्तक होऊ दे, मग जाऊच."

माझं डोकं फिरलं. भांडले नाही. भांडून काय, पालथ्या घड्यावर पाणी. पण त्या आठवड्यात पिल्बीमांचं शेवटचं पाकीट आलं. त्यात नऊ पत्रं होती. मी दहा टाइप केली.

आता, प्रल्हादरावांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की कागद फाटलेला असेल तिथे 'फाटले आहे' असंच लिहायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही. पुण्यात आणि इथे मिळून बारा वर्षांत मी कधी घातलं नव्हतं. आणि आता अख्खं पत्र पदरचं. इंग्रजीची अडचण नव्हती. विदरबीच्या पाचशे पानांनी माझं इंग्रजी केव्हाच शंभर वर्षं मागे नेलं होतं. रिद्धी हसायची मला, "मम्मा, नोबडी सेज 'आय शॅल'." बेत साधा होता. हॅरिएट आपल्या बहिणीला कळवते, की साहेबांचे डोळे बिघडले आहेत, तीन वर्षं काम बंद आहे, शोधबिध काही लागला नाही. बस. भोक बुजलं, पुस्तक संपलं, पुणे.

पण लिहायला बसले आणि बाई थांबेना. चार पानं झाली. त्यातलं एक पान भीती वाटून मी काढून टाकलं. उरलं ते साधारण असं:

'प्रिय मार्था, ह्या तीन वर्षांत इथे काहीच घडलं नाही, आणि ते सगळं मला पाहावं लागलं. ह्यांचे डोळे अजून पुरते बरे नाहीत. मी वाचून दाखवते, मी उतरवून घेते, मी सही करायची जागा बोटाने दाखवते. हे म्हणतात, एवढं देऊळ मोजून झालं की घरी जाऊ. मार्था, इथे प्रत्येक देवळामागे दुसरं देऊळ आहे. पूर्वी मी विचारायचे, कधी जायचं. आता विचारत नाही, म्हणून ह्यांना वाटतं मला इथे आवडू लागलं. माझी खोली कुणाला दिली असेल तर दिलेली राहू दे, पण मला एकदा लिही, की खिडकीतून अजून तेच दिसतं का.'

ह्यांनी ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. "उर्मिला, सापडलं!" म्हणाले. इतके आनंदले, की मलाच कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. मला वाटलं होतं ओळखतील. एखादं वाक्य तरी ओळखीचं वाटेल. दहा वर्षं एकाच टेबलावर जेवत होतो ना आम्ही तिथे!

मग ह्यांनी पिल्बीमांना लांबलचक आभाराचं पत्र लिहिलं, हॅरिएटच्या पत्राबद्दल खास. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी ह्यांची बॅग आधी उघडून पाहायचे. पिल्बीमांचं उत्तर आलं. ते तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते. लिहिलं होतं, 'हो, हो, हॅरिएटचं पत्र! ते माझं फार आवडतं. माझी स्वर्गवासी पत्नी ते मोठ्याने वाचून दाखवत असे.' आता देवाच्या माणसावर कुणी अविश्वास दाखवायचा? मी तरी दाखवला नाही. पुढच्याच वर्षी ते वारले आणि माझं पत्र खरं होऊन बसलं.

पुस्तक झालं, पण 'झालं' म्हणजे काय, ह्यावर पंतांचं आणि माझं मत वेगळं निघालं. आधी प्रकाशक मिळू दे. जुन्या चर्चांवर पुस्तकं काढणारी इंग्लंडमधली एक छोटी संस्था मिळाली. मग प्रुफं होऊ देत. मग सूची. मग छापून हातात येऊ दे. प्रल्हादराव दर दिवाळीला विचारायचे, जागा अजून रिकामी आहे, तुझं काय? २००१ च्या नोव्हेंबरमध्ये तीनशे प्रती निघाल्या. त्यातल्या पाच आमच्याकडे आल्या. मी ह्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला, राजीनाम्यासाठी.

"आता दोन महिने थांबलो नाही तर वेड्यात काढतील," हे म्हणाले. "व्याख्यान ठरलंय."

दुबईतल्या इतिहासप्रेमी गोऱ्यांचं एक मंडळ होतं. जानेवारीत एका शुक्रवारी सकाळी, हॉटेलच्या हॉलमध्ये, चहा आणि काकडीच्या सँडविचसकट. पंतांनी नवा सूट शिवला. मी पैठणी नेसले, रिद्धी कानात वॉकमन घालून मागे बसली. साठेक लोक होते, बहुतेक पिकलेले. आणि खरं सांगते, हे बोलले फार छान. चौतीस चर्चं, साठ दुरुस्त्या, मनोरा, शेळी, होडी, देऊळ. लोक हसले, लोक गप्प झाले. दिवसभर मरीनाच्या टॉवरचं आठ मजली पार्किंग काढणारा माझा नवरा त्या दिवशी पहिल्यांदा कोपऱ्यातल्या चौकटीतून बाहेर आला होता. मला अभिमान वाटला. तोही सांगून टाकते.

शेवटी ह्यांनी हॅरिएटचं पत्र वाचलं. 'प्रत्येक देवळामागे दुसरं देऊळ आहे' पर्यंत आले. थांबले. पाणी प्यायले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने डोळे टिपले.

"मी हे पत्र किती वेळा वाचलं," हे म्हणाले, "पण दर वेळी मला एकच प्रश्न पडतो. विदरबी हुशार माणूस होता. दगडातली केसाएवढी भेग त्याला दिसायची. शेजारी बसलेली बायको काय म्हणते आहे, ते त्याला कळू नये? कसा माणूस असेल हा?"

टाळ्या. मी वाजवल्या नाहीत.

डोळे टिपणाऱ्या बाईने विचारलं, पुढे हॅरिएटचं काय झालं? हे म्हणाले, "कुणालाच माहीत नाही. पण मी शोधणार आहे. माझं पुढचं पुस्तक तिच्यावर."

परतताना शुक्रवारचा रस्ता मोकळा होता. रिद्धी मागे गाणी ऐकत होती. हे गाडी चालवता चालवता बोलत सुटले होते, तिची बहीण मार्था, तिचे वंशज, कुठल्या तरी माळ्यावर पडलेली पत्रं.

"किती वर्षं लागतील?" मी विचारलं.

"पाच. फार तर सहा."

"आणि पुणे?"

"अगं, आता कसं जाता येईल? आत्ता कुठे लोक ओळखायला लागलेत. आणि ती पत्रं तुझ्याशिवाय कोण वाचणार?"

"पत्रं नाहीत," मी म्हणाले. "तिने एकच लिहिलं. ते मी लिहिलंय."

हे हसले. मनापासून हसले. "तू? उर्मिला, कमाल करतेस. तुझं इंग्रजी चांगलं आहे, मान्य. पण असं पत्र लिहायला आतून जळावं लागतं."

मी काढून टाकलेलं चौथं पान म्हणायला सुरुवात केली. पाठ होतं मला. 'मार्था, हे मोजतात ह्याचा मला राग नाही. मोजताना दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात असतं. हे टोकाकडे बघतात, आकडा विचारतात, मी सांगते. टोक कुणाच्या हातात आहे, हे बघायला त्यांनी कधी मान वर केलेली नाही.' मी पुढचंही म्हटलं, शेवटच्या ओळीपर्यंत, तारखेसकट.

गाडीचा वेग कमी होत गेला. ह्यांनी ती कडेला घेतली. शेजारून ट्रक जात होते. हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मला वाटलं, आता विचारतील. इतकं होतं का मनात, म्हणून विचारतील. ओरडले असते तरी चाललं असतं. रागावण्याचा त्यांना पुरा हक्क होता, मी त्यांच्या कामात खोटं मिसळलं होतं.

"मूळ प्रत?" हे म्हणाले.

"नाही."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग कुणाला सांगू नकोस," हे म्हणाले, आणि इंडिकेटर लावून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

मी कुणाला सांगितलं नाही. जूनमध्ये रिद्धीचा दहावीचा निकाल लागला आणि मी दोन तिकिटं काढली. रिद्धी म्हणाली, "यू वाँट टु गो, मम्मा. डोंट से इट्स फॉर मी." मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. मलाच जायचंय." तिने बॅग भरायला घेतली. हे विमानतळावर पोचवायला आले. ट्रॉली ढकलली, पासपोर्ट तीनदा तपासले, आणि "पोचल्यावर फोन कर" म्हणाले. 'जाऊ नकोस' म्हणाले नाहीत आणि 'मीही येतो' असंही म्हणाले नाहीत.

सध्या मी रुमाल सोडते. कंत्राट आहे, पगार यथातथा, पण सहा कधी वाजतात ते कळत नाही. रिद्धी कॉलेजला शिव्या देत देत रमली आहे. हे दर शुक्रवारी फोन करतात. परवाच्या शुक्रवारी म्हणाले, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, पत्राची फार वाहवा झाली, आणि प्रकाशक संस्थेला त्यात शेवटी हॅरिएटवर चार ओळी हव्यात.

"काय लिहू?" ह्यांनी विचारलं. आजवर ह्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं.

"लिहा, तिने पेटी भरली आणि ती घरी गेली," मी म्हणाले.

पलीकडे कागदाचा आवाज आला. लिहून घेत असावेत.

"पण मग हा का नाही गेला तिच्यामागे?" ह्यांनी हळूच विचारलं. "तो तिथेच मेला, हे तर नक्की आहे. का नसेल गेला?"

"ते मला काय विचारता?" मी म्हणाले. "ते तुम्हाला माहीत असणार."

ह्यांचा श्वास ऐकू येत होता. मी वाट पाहिली. खरंच पाहिली, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून.

"फोनचं कार्ड संपत आलंय," हे म्हणाले.